मृगातली हिरवी रेषा

डिसेंबरातली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही न्यू जर्सीतल्या एखाद्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभे आहात. कानटोपी, हातमोजे, थर्मासमध्ये चहा. समोर तिपाईवर जेवणाच्या डब्याएवढी एक छोटी दुर्बीण आहे, आणि ती स्वतःच मृग नक्षत्राकडे वळली आहे. तुमच्या फोनवर दर दहा सेकंदांनी एक फोटो येतो आणि आधीच्या फोटोंवर चढून बसतो. पहिल्या फोटोत नुसता राखाडी डाग. पाच मिनिटांनी त्याला पंख फुटतात. अर्ध्या तासाने पडद्यावर मृगाचा तेजोमेघ असतो: कडेला लालसर आणि मधोमध हिरवट-निळा.

तुम्ही तो फोटो पुण्याला आईला पाठवता. तिकडे सकाळ झालेली असते. तिचं उत्तर येतं, ‘छान आहे. गूगलवरून घेतलास का?’

नाही, गूगलवरून नाही घेतला. पण तो पूर्णपणे ‘तुमचा’ही नाही. त्या फोटोतला मधला हिरवट रंग मुख्यतः एका विशिष्ट प्रकाशाचा आहे. त्याची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हा प्रकाश कशातून येतो हे कळायला माणसांना ६३ वर्षं लागली. त्या ६३ वर्षांच्या गोष्टीत लंडनजवळचा एक कापडवाला आहे, हडसन नदीकाठचा एक डॉक्टर आहे, कॅलिफोर्नियातला एक डोंगर आहे आणि पुण्यातलं एक कॉलेजही आहे. पॉडकास्टमध्ये आपण या मंडळींना धावत भेटलो होतो. इथे जरा थांबून भेटूया. कारण यातल्या एकाचं काम टिकलं आणि एकाचं थांबलं, आणि असं का झालं हे तुमच्यासारख्या रात्री जागणाऱ्यांनी जाणून घ्यायला हवं असं मला वाटतं.

हडसनकाठचा डॉक्टर

आधी मृग नीट बघून घ्या. चार पाय म्हणजे चार ठळक तारे, पोटात ओळीने तीन तारे, तो व्याधाने मारलेला बाण. या बाणाच्या खाली काही मंद तारे एका रेषेत दिसतात. त्यांतला मधला ‘तारा’ जरा धुरकट वाटतो. तोच आपला तेजोमेघ. अमेरिकेतली मुलं याच ताऱ्यांना ओरायनचा पट्टा आणि त्याला लटकलेली तलवार म्हणतात.

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या गावी हेन्री ड्रेपर यांनी आपली ११ इंची दुर्बीण या धुरकट डागावर रोखली आणि मागे फोटोची काच लावली. जवळजवळ ५० मिनिटं त्यांनी ती काच उघडी ठेवली. खोल आकाशातल्या तेजोमेघाचा हा जगातला पहिला फोटो.

ड्रेपर पेशाने डॉक्टर आणि प्राध्यापक होते. तारे बघण्याचा पगार त्यांना कोणी देत नव्हतं. आजच्या भाषेत ते हौशी. त्यांचे वडील जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्येच चंद्राचा फोटो काढला होता, त्यामुळे घरातच हे वेड होतं. तरुणपणी हेन्री आयर्लंडला गेले, तिथे लॉर्ड रॉस यांची सहा फुटी आरशाची राक्षसी दुर्बीण पाहिली आणि परत येऊन स्वतः आरसे घासायला लागले. काचेचा आरसा कसा घासायचा, त्यावर चांदी कशी चढवायची, याबद्दल त्यांनी लिहिलेली पुस्तिका स्मिथसोनियनने १८६४ साली छापली. पुढे कित्येक वर्षं हौशी लोक ती वाचून दुर्बिणी बनवत राहिले. म्हणजे यूट्यूब ट्युटोरियलचं काम तेव्हा ही पुस्तिका करत होती.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी ॲना पामर ड्रेपर बरोबरीने होत्या. फोटोच्या काचांवर रसायन चढवण्याचं काम त्या करायच्या. रात्री वेधशाळेत दोघं एकत्र असायची.

आता त्या ५० मिनिटांचं महत्त्व काय? आपला डोळा प्रकाश साठवत नाही. तुम्ही दुर्बिणीला तासभर डोळा लावून बसलात, तरी तासाच्या शेवटी तेवढंच दिसतं जेवढं अंधाराला सरावल्यावर दिसत होतं. त्यामुळे ड्रेपरच्या आधीची माणसं तेजोमेघांची चित्रं हाताने काढत. दोघांची चित्रं कधी जुळत नसत. मग वाद व्हायचे: तेजोमेघ बदललाय, की चित्र काढणाऱ्याचा हात? काच मात्र प्रकाश साठवते. एकेक थेंब पडून हंडा भरावा तशी ती भरत जाते. मार्च १८८२ मध्ये ड्रेपर यांनी याच तेजोमेघासाठी काच १३७ मिनिटं उघडी ठेवली आणि कितीतरी मंद तारे पकडले. दुसऱ्या वर्षी, १८८३ मध्ये, इंग्लंडमधले अँड्र्यू कॉमन यांनी आपल्या ३६ इंची आरशाने असा फोटो काढला, की त्यातले काही तारे कोणाच्याही डोळ्याला दुर्बिणीतून दिसलेले नव्हते. कॉमनही हौशीच, व्यवसायाने इंजिनियर.

तुमच्या फोनवर दहा-दहा सेकंदांचे फोटो एकमेकांवर बसतात, ते याच कल्पनेचं पुढचं रूप. शंभर फोटो रचले की तेजोमेघाचा प्रकाश शंभर पट होतो, पण त्यातला खरखराट फक्त दहा पट वाढतो. म्हणून चित्र स्वच्छ होत जातं. फरक इतकाच, की ड्रेपरच्या काचेवर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग नोंदला जायचा, आणि तुमच्या कॅमेऱ्याची चकती बहुतेक सगळा प्रकाश टिपते. अशा चकतीचा पूर्वज, म्हणजे सीसीडी, १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार झाला. ती जागा मरे हिलला, न्यू जर्सीतच आहे. तुमच्या पार्किंगपासून फार लांब नसेल.

पुण्यात एक दुर्बीण येते

फोटोने आकार कळला. पण तेजोमेघ आहे कशाचा? ते सांगतो वर्णपट. प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून फाकवला की त्याचे रंग वेगळे होतात. ताऱ्याच्या प्रकाशाचा अख्खा पट्टा दिसतो. लंडनजवळ राहणारे विल्यम हगिन्स, मूळचे कापडाचे व्यापारी आणि हौशी निरीक्षक, यांनी २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश असा फाकवला. पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या मोजक्या सुट्या रेषा, आणि त्यांत सर्वात ठळक एक हिरवी. सुट्या रेषा म्हणजे विरळ तापलेला वायू. म्हणजे हे लांबून धूसर दिसणारे तारे नव्हेत, खरोखरचा वायूचा ढग आहे.

पण कुठला वायू? पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची रेषा तिथे बसेना. काही जणांनी हे नवं मूलद्रव्य मानलं आणि त्याला ‘नेब्युलियम’ असं नाव पडलं. सर नॉर्मन लॉकियर यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते सगळं विश्व उल्कांच्या झुंडींतून बनतं, उल्का एकमेकींवर आदळून तापतात, आणि ही हिरवी रेषा म्हणजे त्यांच्यातल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची उरलेली कड. लॉकियर म्हणजे बडं प्रस्थ. सूर्यातल्या हेलियमच्या शोधात त्यांचं नाव, आणि ‘नेचर’ साप्ताहिकाचे ते संस्थापक संपादक.

आता पुण्याला या.

कावसजी दादाभाई नेगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले. नेगमवाला इंग्लंडला गेले, तिथल्या ज्योतिर्विदांशी बोलले, आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभी करावी असं ठरलं. दरम्यान त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. त्यामुळे वेधशाळा पुण्यात आली. कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आजचं सीओईपी. तुमच्यापैकी कुणाचे बाबा किंवा काका तिथे शिकले असतील, त्यांना विचारा: आवारात एके काळी भारतातली सर्वात मोठी दुर्बीण होती हे माहीत आहे का? बहुतेकांना नसतं.

महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १८८८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या माउंट हॅमिल्टनवर लिक वेधशाळेची ३६ इंची दुर्बीण कामाला लागली. ती तेव्हाची जगातली सर्वात मोठी भिंगाची दुर्बीण. दोन्ही जागांची तुलना होऊ शकत नाही. पण दोघीही जवळपास एकाच वेळी एकाच हिरव्या रेषेकडे बघायला लागल्या.

लिकमध्ये जेम्स कीलर यांनी १८९० च्या सुमाराला रेषेची जागा फार काटेकोर मोजली. ती मॅग्नेशियमच्या कडेशी जुळत नव्हती. पुण्यातून नेगमवालांनी मृगाच्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि वेगळा मुद्दा मांडला. ही जर पट्ट्याची कड असती, तर रेषा एका बाजूला पुसट होत गेली असती. पण कसंही बघा, ती दोन्ही बाजूंनी बारीक आणि धारदारच दिसते. हा निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुण्यातल्या एका कॉलेजच्या शिक्षकाने, राणीच्या राज्यात, लॉकियर यांना सांगितलं की तुमचं मॅग्नेशियम इथे दिसत नाही.

त्याच दशकात त्याच शहरात आणखी एक जण मृगाच्या मागे लागला होता, पण वेगळ्या वाटेने. लोकमान्य टिळकांचं ‘ओरायन’ हे पुस्तक १८९३ मध्ये निघालं. वसंतसंपात मृगशीर्षात असण्याच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ मागे नेण्याचा तो प्रयत्न होता. त्यातला काळ आजचे बहुतेक अभ्यासक मान्य करत नाहीत. पण एकच नक्षत्र, एकच शहर, एक माणूस जुन्या ग्रंथांतून त्याच्याकडे बघतोय आणि दुसरा दुर्बिणीतून. शंकर बाळकृष्ण दीक्षितही याच काळात पुण्यात होते. सामान्य वाचकाला आकाश ओळखता यावं म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ लिहिलं. आपल्या छंदाला याहून चांगलं मराठी नाव मला सुचलेलं नाही.

जेऊरला अमेरिकन तंबू

८ एप्रिल २०२४ ला तुमच्यापैकी कितीतरी जण गाडी काढून टेक्सास, ओहायो नाहीतर न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या टोकाला खग्रास ग्रहण बघायला गेले असतील. रस्ते तुंबले, मोटेलांचे भाव वाढले. १८९८ मध्ये ही यात्रा उलट्या दिशेने झाली होती.

२२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण कोकणातून वर देशावर आणि पुढे विदर्भाकडे जाणार होतं. ते गाठायला लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल कॅलिफोर्नियाहून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, जेऊरला आले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ बरोबर होत्या आणि कामातही होत्या. दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावरचं हे छोटं गाव. कॅम्पबेल यांनी तिथे ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा उभा केला. त्यात सूर्यबिंब जवळजवळ ११ सेंटिमीटरचं पडायचं. त्याच गावात नेगमवालांचाही तळ होता. सगळा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. मुंबई इलाख्यात ते प्लेगचे दिवस होते, पुण्यात रँडचा खून होऊन सात महिनेच झाले होते. आणि जेऊरच्या माळावर दोन देशांची माणसं घड्याळं जुळवत बसली होती.

याच ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गला आले होते. इथे एक गोष्ट स्पष्ट करूया, कारण दर वर्षी तुमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतो: ‘हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.’ १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्यांनी सूर्यातली ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले ३० वर्षांनी. किल्ल्यावर त्यांनी वापरलेले कट्टे खरे आहेत, वर्ष तेवढं चुकलंय. आपल्या गावाचा अभिमान वाटायला खरी गोष्ट पुरेशी आहे, ती फुगवायची गरज नाही. खरी गोष्ट अशी, की ज्यांचा सिद्धांत पुण्यातल्या निरीक्षणाने अडचणीत आणला होता, तेच लॉकियर कोकणात येऊन उतरले होते आणि नेगमवाला जेऊरला स्वतःची मोहीम चालवत होते.

काचा कोणी जपल्या?

आता मूळ मुद्दा.

हेन्री ड्रेपर नोव्हेंबर १८८२ मध्ये अचानक गेले. वय फक्त ४५. तेजोमेघाच्या पहिल्या फोटोला जेमतेम दोन वर्षं झाली होती. ॲना ड्रेपर यांना आधी वाटलं, वेधशाळा आपणच चालवावी. ते जमेना, तेव्हा १८८६ मध्ये त्यांनी पतीच्या नावाने हार्वर्ड वेधशाळेला पैसा द्यायला सुरुवात केली. पैशातून दुर्बिणी आल्या, काचा आल्या, आणि मुख्य म्हणजे काचा वाचणाऱ्या बायका नेमल्या गेल्या. तासाला २५ सेंटच्या आसपास मजुरी, आठवड्याचे सहा दिवस, भिंगातून तारे मोजायचे.

त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग स्कॉटलंडहून आलेल्या. नवऱ्याने सोडलेली, पदरात मूल, वेधशाळेच्या संचालकांकडे घरकामाला. १८८८ च्या एका काचेवर त्यांना मृगाच्या पट्ट्यातल्या सर्वात पूर्वेकडच्या ताऱ्याखाली प्रकाशात एक अर्धवर्तुळाकार खाच दिसली. तोच हॉर्सहेड, घोड्याच्या तोंडासारखा काळा ढग. आज प्रत्येक हौशी फोटोग्राफरच्या यादीत तो असतो. प्रसिद्ध यादीत मात्र फ्लेमिंग यांचं नाव आलं नाही, श्रेय संचालक पिकरिंग यांच्या नावावर गेलं. तरी आज आपण ते दुरुस्त करू शकतो. का? कारण काच आणि तिच्यासोबतच्या नोंदी शाबूत आहेत. पुढे ॲनी जंप कॅनन यांनी २,२५,३०० ताऱ्यांचं वर्गीकरण केलं, ते ‘हेन्री ड्रेपर कॅटलॉग’ म्हणून १९१८ ते १९२४ मध्ये छापलं गेलं. तुमचं ॲप एखाद्या ताऱ्यापुढे ‘एचडी’ आणि आकडा दाखवतं ना? तो एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर. हार्वर्डकडे पाच लाखांहून जास्त काचा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आता संगणकावर आणल्या गेल्या आहेत.

पुण्याचं काय झालं? नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि साहित्य कोडाईकनालला गेलं. तिथे सरकारी सौर वेधशाळा होती, त्यामुळे वस्तू वाया गेल्या नाहीत. पण पुण्यातलं काम थांबलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेली, तेच प्रश्न पुढे नेणारी पिढी उभी राहिली नाही. शहरात पुन्हा एकत्र बसून आकाश बघणारी हौशी संस्था, ज्योतिर्विद्या परिसंस्था, आली ती १९४४ मध्ये.

दोष कोणा एकाला देणं सोपं आहे, पण बरोबर नाही. एकीकडे श्रीमंत विधवा आणि विद्यापीठ होतं, दुसरीकडे परक्या सरकारच्या मर्जीवर चाललेली नोकरी. पैशाचा फरक होता, सत्तेचाही होता. तरी आणखी एक फरक दिसतो. ड्रेपर यांचं काम ड्रेपरवर अवलंबून राहिलं नाही. नेगमवालांचं मात्र नेगमवालांवरच राहिलं.

उत्तर पासाडेनात

आणि हिरवी रेषा? तिचं कोडं १९२७ मध्ये सुटलं, कॅल्टेकमध्ये, आयरा बोवेन यांच्याकडून. नेब्युलियम वगैरे काही नाही. तो आपला साधा ऑक्सिजन, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. म्हणून फोटोग्राफर मंडळी या प्रकाशाच्या फिल्टरला ‘ओ-थ्री’ म्हणतात.

मग पृथ्वीवर ही रेषा का दिसत नव्हती? मुंबईच्या लोकलमध्ये फोनवर निवांत एक वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न करून पाहा. मध्येच कोणाचा तरी कोपर लागतो. प्रयोगशाळेतल्या वायूत अणूंचं हेच होतं. हा हिरवा प्रकाश सोडायला त्या ऑक्सिजनला सरासरी अर्धा-पाऊण मिनिट निवांत मिळावं लागतं. अणूच्या हिशेबात हा अनंतकाळ. तेवढ्यात दुसरा कण येऊन धडकतो आणि ऊर्जा घेऊन जातो. मृगाच्या तेजोमेघात मात्र एका घनसेंटिमीटरमध्ये काही हजारच कण असतात. आपण ज्याला निर्वात म्हणतो त्याहूनही विरळ. तिथे गर्दीच नाही.

न्यू जर्सीच्या पिवळसर आकाशाखाली तुम्हाला फोटो काढता आला, तोही यामुळेच. फिल्टर फक्त ५००.७ च्या आसपासचा आणि हायड्रोजनचा लाल प्रकाश आत येऊ देतो. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश ५८९ च्या आसपास असतो, तो बाहेरच अडतो. नव्या पांढऱ्या एलईडींचा प्रकाश सगळीकडे पसरलेला, म्हणून त्यातला थोडा आत शिरतोच. खरा अंधार हवा असेल तर पेनसिल्व्हेनियातल्या चेरी स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी जायला हवं.

आता तुमची पाळी

तुम्हाला वाटेल, आता हौशी माणसाने शोधण्यासारखं काय उरलंय? देवयानी दीर्घिकेचं बघा. २५ लाख प्रकाशवर्षं दूर, डोळ्यांनी दिसणारी, आणि कॅमेरा घेतलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षी जिचा फोटो काढतो ती. २०२२ मध्ये यान सेंटी, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या युरोपातल्या हौशी मंडळींनी फक्त चार इंची दुर्बीण आणि ओ-थ्री फिल्टर घेऊन तिच्याशेजारी रात्रीमागून रात्री प्रकाश साठवला. त्यांना दीर्घिकेजवळ एक प्रचंड निळसर-हिरवी कमान दिसली. आकाशात तिची लांबी पूर्णचंद्राच्या जवळजवळ तिप्पट. लाखो फोटोंमध्ये ती कोणी पाहिली नव्हती. न्यू हॅम्पशायरच्या डार्टमथ कॉलेजातल्या रॉबर्ट फेसन यांच्यासारखे व्यावसायिक संशोधक या कामात आले, इतर हौशी लोकांनी आपापल्या दुर्बिणींनी कमान खरी असल्याची खात्री केली, आणि २०२३ मध्ये शोध प्रसिद्ध झाला. ती कमान देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत, यावर वाद अजून चालू आहे. रेषा मात्र तीच, १८६४ ची, १८९१ च्या पुण्यातली.

हे शक्य झालं कारण त्यांनी सुंदर फोटोवर थांबण्याऐवजी मूळ फाइली आणि नोंदी जपल्या, आणि दुसऱ्यांना तपासायला दिल्या.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी मृगाचा फोटो काढलात की इन्स्टाग्रामवर जरूर टाका. पण मूळ फाइली पुसू नका. तारीख, वेळ, जागा, फिल्टर, किती सेकंदांचे किती फोटो, एवढं एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा. जवळचा क्लब शोधा. रूपविकारी तारे आवडत असतील तर मॅसॅच्युसेट्समधली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून, म्हणजे पुण्याची वेधशाळा बंद होण्याच्या आदल्या वर्षापासून, हौशी लोकांच्या नोंदी जपते आहे. २०१९ च्या शेवटी मृगातला तांबडा काक्षी तारा मंद व्हायला लागला, तेव्हा जगभरचे संशोधक याच नोंदींकडे धावले. त्यातल्या कित्येक नोंदी कोणा शिक्षकाच्या, नर्सच्या, ट्रकवाल्याच्या असतात.

आणि जमलं तर शेजारच्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला त्या थंडीत बाहेर बोलवा. त्याला दुर्बीण हाताळू द्या, फाइल कशी लिहायची ते दाखवा. पुण्यातल्या त्या दुर्बिणीजवळ असं कोणी असतं, तर आज हा लेख कदाचित वेगळा लिहावा लागला असता.

आईला उत्तर मात्र लगेच पाठवा. ‘नाही गं, मीच काढला. आणि तुला माहीत आहे का, आपल्या शिवाजीनगरला एके काळी…’